एकमेकांतून आरपार गेलेली पृष्ठे: तारा-बहुफलकांविषयी

चरईकर

सुसम बहुफलक पाचच, हे आपण शाळेत शिकलो. चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक, विंशतिफलक. सिद्धताही सोपी आहे. एका शिरोबिंदूपाशी जमणाऱ्या कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा कमी हवी, म्हणून पृष्ठ समभुज त्रिकोण, चौरस नाहीतर सुसम पंचकोनच असू शकतं. तीन षटकोन आणले की फरशीच तयार.

पण या सिद्धतेत दोन अटी गुपचूप धरलेल्या असतात. एक, पृष्ठाच्या बाजू एकमेकींना छेदत नाहीत. दोन, पृष्ठंही एकमेकांना छेदत नाहीत. या अटी सोडल्या तर काय होतं, त्यावर हा धागा.

आधी पंचतारा घेऊ. वर्तुळावर समान अंतरावर पाच बिंदू घ्या आणि एक सोडून एक जोडत जा. पेन न उचलता, केंद्राभोवती दोन फेऱ्या मारून रेघ परत सुरुवातीला येते. याला शिरोबिंदू पाच आणि बाजूही पाचच. मध्ये जिथे रेघा एकमेकींना ओलांडतात, ते बिंदू मोजायचे नाहीत. म्हणून चिन्ह ५/२: पाच बाजू, दोन फेऱ्या. टोकाचा कोन ३६ अंश.

आता द्वादशफलकाच्या प्रत्येक पृष्ठाच्या बाजू लांबवून त्या पृष्ठाचा पंचतारा करा. बारा पंचतारे होतात, एकमेकांत घुसलेले, आणि प्रत्येक टोकाला पाच-पाच जमतात. हा लहान तारांकित द्वादशफलक. बाहेरून बघणाऱ्याला बारा टोकदार सुळके आणि साठ त्रिकोण दिसतात, पण ते त्रिकोण म्हणजे पृष्ठांचे बाहेर उरलेले तुकडे. सुळक्यांच्या मधली खाच ही कड नाही, दोन पृष्ठं एकमेकांना कापतात तिथली रेघ आहे. खऱ्या कडा तीसच.

केपलरने १६१९ साली असे दोन दाखवले, हा आणि मोठा तारांकित द्वादशफलक. प्वांसोने १८०९ मध्ये आणखी दोन आणले, मोठा द्वादशफलक आणि मोठा विंशतिफलक. सुसम तारा-बहुफलक हे चारच, याहून जास्त नाहीत, ही कोशीची सिद्धता १८१३ साली छापून आली.

यानंतर एक अट आणखी सैल करायची. सगळी पृष्ठं सारखी नसली तरी चालतील, प्रत्येक पृष्ठ मात्र सुसम हवं (पंचताऱ्यासारखं ताराकृती चालेल), आणि सगळे शिरोबिंदू असे सारखे हवेत की आकृती फिरवून किंवा आरशात धरून कुठलाही शिरोबिंदू कुठल्याही शिरोबिंदूच्या जागी नेता यावा. यांना एकसमान बहुफलक म्हणू. बहिर्वक्र (कुठेही खाच नसलेले) असतील तर आर्किमिडीजचे तेरा आणि प्रिझम-प्रतिप्रिझमच्या अनंत रांगा. बहिर्वक्र नसतील तर मात्र यादी करायला माणसांना पाऊणशे वर्षं लागली. हेसला १८७८ मध्ये दोन सापडले, बादुरोला १८८१ मध्ये एकदम छत्तीस, त्याच वर्षी पिचने आणखी तीन नवे दिले. उरलेले बारा कॉक्सेटर आणि मिलर यांनी १९३० ते १९३२ मध्ये काढले आणि छापलेच नाहीत! लाँगे-हिगिन्स बंधूंना त्यांतले अकरा पुढे स्वतंत्रपणे सापडले, आणि अखेर १९५४ साली कॉक्सेटर, धाकटे लाँगे-हिगिन्स आणि मिलर यांच्या नावाने पूर्ण यादी आली. प्रिझमच्या रांगा सोडल्या तर ५ + १३ + ४ + ५३ = ७५. यादी पूर्ण आहे असं त्यांनी म्हटलं, सिद्ध केलं नव्हतं. ते काम सोपोव्हने १९७० मध्ये आणि स्किलिंगने १९७५ मध्ये, संगणक लावून, केलं.

माझं मत विचाराल तर सुरुवात देखण्या ताऱ्यांपासून करू नये. सगळ्यात साधा आणि सगळ्यात विचित्र आहे टेट्राहेमिहेक्साहेड्रॉन. अष्टफलक घ्या. त्याच्या आठ त्रिकोणांपैकी एक सोडून एक असे चार ठेवा, चार काढून टाका. मग केंद्रातून जाणारे तीन चौरस बसवा, म्हणजे अष्टफलकाची तीन विषुववृत्तं. झालं. सात पृष्ठं, बारा कडा, सहा शिरोबिंदू. प्रत्येक कडेवर एक त्रिकोण आणि एक चौरस. आता शाळेतलं सूत्र लावा, शिरोबिंदू − कडा + पृष्ठं: ६ − १२ + ७.

अवखळ_ऐरोली

वाचनखूण साठवली. सूत्राचं उत्तर १ येतंय. २ यायला हवं ना? बालभारतीत तर २ होतं.

चरईकर

१ च येतं. गंमत तिथेच आहे, रेषाखंड आले की सांगतील.

कोपरीकाका

लेख चांगला. पण एक सांगा, आमचे वडील दिवाळीला कामट्यांचा कंदील करायचे. बारा कोपरे, सहा चौरस, आठ त्रिकोण. प्रत्येक कोपऱ्यात दोन चौरस, दोन त्रिकोण. खळ लावलेला पतंगाचा कागद. हा तुमच्या यादीत कुठे बसतो?

चरईकर

काका, तुमचे वडील आर्किमिडीजच्या तेरांपैकी एक करत होते. क्युबोऑक्टाहेड्रॉन. आणि याच कामट्यांवर आणखी दोन बहुफलक बसतात, फक्त कागद वेगळा लावायचा.

सांगाड्यात चोवीस कामट्या. नीट बघितलंत तर त्याच कामट्यांतून चार सुसम षटकोन फिरलेले दिसतील, चारही केंद्रातून जाणारे. चार सक चोवीस, म्हणजे प्रत्येक कामटी बरोबर एका षटकोनात. आणि प्रत्येक कामटीच्या एका अंगाला चौरस, दुसऱ्या अंगाला त्रिकोण. तर तीन पर्याय:

चौरस आणि त्रिकोण लावा, षटकोन नकोत: तुमचा घरचा कंदील.

त्रिकोण आणि षटकोन लावा, चौरस उघडे: ऑक्टाहेमिऑक्टाहेड्रॉन. बारा पृष्ठं.

चौरस आणि षटकोन लावा, त्रिकोण उघडे: क्युबोहेमिऑक्टाहेड्रॉन. दहा पृष्ठं.

तिन्हींत प्रत्येक कडेवर दोनच पृष्ठं येतात, शिरोबिंदू तेच बारा. नियम तिघांनाही सारखाच लागू पडतो.

कोपरीकाका

आणि बल्ब कुठे लावायचा? षटकोन केंद्रातून गेले म्हणजे आत जागाच नाही.

चरईकर

😀 नाहीच. उघड्या खड्ड्यांत छोटे एलईडी सोडा. चौरस उघडे ठेवले तर सहा खड्डे, त्रिकोण उघडे ठेवले तर आठ.

तिरकस_वाशी

म्हणजे नियम वाकवायचे, आतून कागद आरपार न्यायचे, आणि म्हणायचं बघा नवीन आकृती सापडली. उद्या मी दोन घन एकमेकांत घुसवतो, त्यालाही तुमच्या यादीत जागा द्या.

रेषाखंड

तिरकसराव, दोन घन घुसवलेत तर ते दोन घनच राहतात. एका घनाच्या पृष्ठावरून कडा ओलांडत दुसऱ्या घनावर जाता येत नाही. बहुफलक सलग हवा, ही अट कुणी सोडलेली नाही. दुसरी न सुटलेली अट: प्रत्येक कडेवर बरोबर दोन पृष्ठं.

स्किलिंगने हेच तपासलं. त्याने विचारलं, कडेवर दोनाऐवजी कुठलीही सम संख्या चालवली तर? चार पृष्ठं एका कडेवर आली तर? मला वाटलं असतं की यादी फुगून शेकड्यात जाईल. एकच आकृती वाढली. साठ शिरोबिंदू, २०४ पृष्ठं, तिला स्किलिंगचंच नाव पडलं. नियम सैल करूनही यादी एवढीच वाढत असेल तर तो सोयीने वाकवलेला नियम म्हणता येणार नाही.

आता अवखळच्या १ बद्दल.

शिरोबिंदू − कडा + पृष्ठे = २ हे सूत्र, पृष्ठभाग ताणून-फुगवून गोल चेंडू करता येत असेल तेव्हाचं. नसेल तर आकडा बदलतो, आणि बदललेला आकडा पृष्ठभाग कसला आहे ते सांगतो. कागद न कापता हे पडताळायचं असेल तर कोनांची तूट मोजा. एका शिरोबिंदूपाशी जमलेले सगळे कोन मिळवा, ३६० मधून वजा करा, आलेली तूट सगळ्या शिरोबिंदूंसाठी मिळवा. एकूण तूट = ३६० × (तो आकडा).

काकांचा कंदील: ९०+६०+९०+६० = ३००. तूट ६०. बारा कोपरे, एकूण ७२०. भागिले ३६०, २. बरोबर.

त्रिकोण-षटकोनवाला: ६०+१२०+६०+१२० = ३६०. तूट शून्य! सूत्राने १२ − २४ + १२ = ०. म्हणजे हा मेदूवड्याचा पृष्ठभाग आहे, मधे भोक असलेला, फक्त स्वतःतून आरपार गेल्यामुळे ओळखू येत नाही.

चौरस-षटकोनवाला: ९०+१२०+९०+१२० = ४२०. तूट उणे ६०, बारांची उणे ७२०. सूत्राने १२ − २४ + १० = −२. जुळलं.

चरईकरांचा सात पृष्ठांचा: ६०+९०+६०+९० = ३००, तूट ६०, सहा शिरोबिंदू, ३६०. उत्तर १. एक हे उत्तर विषम आहे, आणि आत-बाहेर असा भेद असलेल्या बंद पृष्ठभागाला विषम उत्तर येऊच शकत नाही. या आकृतीला आतली आणि बाहेरची बाजू वेगळी नाहीच. एका त्रिकोणाच्या वरच्या अंगाला मुंगी सोडा, कडा ओलांडत चालू द्या, ती त्याच त्रिकोणाच्या खालच्या अंगाला पोहोचू शकते. चौरस-षटकोनवालाही असाच एकअंगी.

स्वाती_नेरूळ

रेषाखंड, तूट पंचताऱ्यांवर चालवून बघितली. लहान तारांकित द्वादशफलक: एका टोकाशी पाच वेळा ३६, म्हणजे १८०, तूट १८०, बारा टोकं, एकूण २१६०. भागिले ३६०, ६. पण सूत्राने १२ − ३० + १२ = −६. चिन्हच उलटं आलं.

रेषाखंड

वा, नेमकं बोट ठेवलंत. पंचताऱ्याच्या पोटातही हिशेब आहे. त्याची रेघ केंद्राभोवती दोन फेऱ्या मारते, म्हणजे केंद्राशी ३६० ऐवजी ७२० अंश जमलेले आहेत. तिथे तूट उणे ३६०. असे बारा पंचतारे, उणे ४३२०. २१६० − ४३२० = −२१६०. भागिले ३६०, −६.

हेच मोठ्या तारांकित द्वादशफलकाला लावा: टोकाशी तीन वेळा ३६ = १०८, तूट २५२, वीस टोकं, ५०४०. त्यातून ४३२० गेले, ७२० राहिले. उत्तर २. म्हणजे तो इतका काटेरी असूनही मुळात चेंडूच.

केलीने १८५९ मध्ये यासाठी वेगळी वाट काढली. प्रत्येक पृष्ठाला आणि शिरोबिंदूला किती फेऱ्या ते वजन दिलं, आणि उजवीकडे २ च्या जागी घनतेची दुप्पट. घनता म्हणजे केंद्रापासून बाहेर जाणारा किरण किती थर ओलांडतो. लहान तारांकितसाठी १२ − ३० + २×१२ = ६, घनता ३. किरण आधी पंचताऱ्याच्या मधल्या पंचकोनातून जातो, तो दोन थरांचा, मग सुळक्याची एक भिंत. तीन.

अवखळ_ऐरोली

दंडवत घ्या. डोक्यावरून गेलं पण मुंगी समजली.

स्वाती_नेरूळ

मी सातवी-आठवीच्या मुलांना करायला देणार आहे. कागदकामाचं कुणी सांगेल का? काय, किती मापाचं?

चरईकर

ताई, मुलांना ऑक्टाहेमिऑक्टाहेड्रॉन द्या. त्यात फक्त समभुज त्रिकोण लागतात. क्युबोऑक्टाहेड्रॉनची कड आणि केंद्रापासून कोपऱ्याचं अंतर सारखं असतं, त्यामुळे हा म्हणजे आठ सुसम चतुष्फलक, केंद्रात टोकं एकत्र आणून कडेला कड चिकटवलेले. सहा सेंमीचे आठ चतुष्फलक मुलं एका तासिकेत करतात. अडचण जोडताना येते: दोन चतुष्फलक फक्त कडेने भेटतात, त्यामुळे गोंद धरायला जागाच नसते. कडेवर आधी कापडी चिकटपट्टीची बिजागरी लावा, चारचे दोन गट करा, मग गट जोडा.

सात पृष्ठांचासाठी चार तुकडे. प्रत्येकात १० सेंमीचा समभुज त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंना काटकोनी समद्विभुज त्रिकोण, कर्ण १० आणि बाकी बाजू ७.१ सेंमी. दुमडला की काटकोनी कोपऱ्याचा पिरॅमिड. चार पिरॅमिडांचे काटकोनी कोपरे केंद्रात. जोडणी तशीच, बिजागरीने.

तारा हवाच असेल तर ३६-७२-७२ अंशांचे साठ त्रिकोण, पाया ५ सेंमी, बाजू ८.१ सेंमी. आणि इथे एक मजा आहे. पाच-पाच त्रिकोणांचे बारा सुळके केलेत तर लहान तारांकित द्वादशफलक होतो. तीन-तीनचे वीस केलेत तर मोठा तारांकित. त्रिकोण तेच साठ! मुलांचे दोन गट करा, एकच साचा द्या.

कागद २५० ते ३०० जीएसएम कार्डशीट, जांभळी नाक्याच्या घाऊक दुकानांत रंगीत मिळतो. घडीच्या रेघेवर आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून दाबून घ्या, नाहीतर घडी वाकडी फाटते.

स्वाती_नेरूळ

रंग कसे देऊ? बारा पंचतारे, बारा रंग?

चरईकर

सहा पुरतात. समांतर असलेल्या दोन पंचताऱ्यांना एकच रंग. मग प्रत्येक सुळक्यावर पाच वेगळे रंग येतात, आणि जो सहावा रंग येत नाही तो त्या सुळक्याच्या बुडाशी लपलेल्या पंचताऱ्याचा. मुलांना सुळका दाखवून विचारा, याच्या खाली कुठला रंग आहे? सगळ्यात भारी प्रश्न हा आहे. पंचतारा हे एकच पृष्ठ आहे, हे सांगून पटत नाही ते इथे पटतं, कारण एकाच रंगाचे पाच तुकडे पाच वेगळ्या सुळक्यांवर शोधून ते एका पातळीत आहेत का, हे पट्टी टेकवून बघता येतं.

कोपरीकाका

नाताळात तलावपाळीच्या चर्चपाशी, दुकानांत टांगलेले असतात ते बरेच टोकांचे कागदी तारे यातलेच का?

रेषाखंड

बहुतेक नाहीत, काका. मोराव्हियन तारा म्हणून जो प्रसिद्ध आहे त्याला सव्वीस जागा, अठरा चौरसांवर आणि आठ त्रिकोणांवर, टांगायला एक सोडून पंचवीस टोकं. पण ती टोकं हवी तेवढी लांब करतात. शेजारच्या सुळक्यांच्या भिंती मिळून एक सपाट पृष्ठ होत नाही. आपल्या यादीत यायचं तर सुळक्याची लांबी तुमच्या हातात राहत नाही. पाया ५ असेल तर ८.१ हेच माप, ७.५ केलं की पंचतारा मोडला.

तिरकस_वाशी

बरं, मानलं. मग या पंचाहत्तरमधला सगळ्यात वाईट कुठला? करून बघायचा नाही, नुसतं सांगा.

चरईकर

मिलरचा राक्षस म्हणतात त्याला. ग्रेट डायऱ्हॉम्बिकोसिडोडेकाहेड्रॉन. साठ शिरोबिंदू, २४० कडा, १२४ पृष्ठं: चाळीस त्रिकोण, साठ चौरस, चोवीस पंचतारे. उत्तर −५६. एका शिरोबिंदूशी आठ पृष्ठं जमतात. बाकी कुठल्याही एकसमान बहुफलकात सहापेक्षा जास्त जमत नाहीत.

बाकीच्या सगळ्यांना एक समान कृती आहे. तीन आरसे एका टोकाशी मिळतील असे लावा, त्यांच्यामध्ये योग्य जागी एक बिंदू ठेवा, प्रतिबिंबं जोडा. (काही जाती एक सोडून एक प्रतिबिंब घेतात.) आरशांमधले कोन बदला, बिंदू हलवा, की एकेक बहुफलक पडत जातो. राक्षस असा पडत नाही. त्याला तीन आरशांचा गोलीय त्रिकोण पुरत नाही, गोलीय चौकोन धरावा लागतो.

तिरकस_वाशी

आणि हा कुणी कागदात केलाय?

चरईकर

केलाय ना. बहामात नासाउला शिकवणारे बेनेडिक्टाइन साधू होते, फादर मॅग्नस वेनिंजर. त्यांनी पंचाहत्तरच्या पंचाहत्तर कागदात करून त्यांचे साचे १९७१ साली छापले. राक्षसही त्यात आहे.

रेषाखंड

राक्षसाच्या रंगांसाठी एक भर: त्याची सगळी पृष्ठं एकाच पातळीत दोन-दोन अशी येतात. १२४ पृष्ठं, पण पातळ्या ६२ च. साठही चौरस केंद्रातून जाणारे, त्यांच्या तीस पातळ्या. तेव्हा तिरकसराव, रंग पातळीला द्यायचा की पृष्ठाला, हे कापायच्या आधी ठरवून ठेवा.

तिरकस_वाशी

मी सात पृष्ठांचा करतोय. कापडी चिकटपट्टी वाशीत सेक्टर ९ च्या बाजारात मिळेल का?

स्वाती_नेरूळ

मिळेल. पुस्तकबांधणीची मागा, एक इंची. दोन इंची घेतलीत तर ती केंद्रापाशी गोळा होते आणि चार कोपरे एकत्र येतच नाहीत.